बोल्ट अडला होता

सॅमन, आयडाहो
मंगळवार

प्रिय मॅरेन,

सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठून कुत्र्याला फिरवून आणलं. आता तो दाराशीच लोळलाय, पट्टा दाखवला तरी हलत नाही. इथे डोंगरमाथ्यांवर बर्फ पडलंय. ऑरिनने परवा एल्क मारला, मागची तंगडी आपल्याकडे पाठवली. माझी ही ऊठबस बघून तुझी आई विचारतेय, "खुर्चीत खिळे आहेत का रे?"

त्या सप्टेंबरबद्दल लिहायचंय. तू एकोणीस वर्षांची होतीस. अपघाताच्या आदल्या दिवशी मी घरी भरलेली काडतुसं तपासायला ऑरिनबरोबर जुन्या खाणीजवळ गेलो होतो, हे तुला ठाऊक नाही. पुस्तकातल्या मर्यादेपेक्षा दारू जास्त भरली होती मी. गोळी आणखी वेगाने सुटावी, एवढीच हौस. पहिल्या बारानंतर रायफलच्या मागचा बोल्ट उघडेना. तळव्याने ठोकून उघडला. पुंगळी बाहेर आली, तर तिच्या बुडाच्या टोपीच्या कडा गोल राहायच्या सोडून साफ चपट्या झालेल्या, शेजारी पितळेवर चकचकीत ओरखडा. दुसऱ्या पुंगळीचंही तेच. ऑरिन म्हणाला, "व्हर्ल, आत दाब फार होतोय. ही सगळी काडतुसं घरी नेऊन खोल, दारू काढून टाक." मी म्हणालो, "म्हातारा झालास तू! ऊन आहे, पितळ तापलंय." मला कोण शिकवणार? उरलेली अठरा मी परत डबीत भरली.

दुसऱ्या दिवशी माझी रायफल तुझ्या हातात होती. तू चाप ओढलास, त्याच डबीतल्या काडतुसाची पुंगळी बुडाशी फाटली आणि पेटता वायू मागे, तुझ्या तोंडावर आला. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, हे झालं कसं? मी म्हणालो, "नळीत चिखल गेला असणार. ओढा ओलांडताना घसरली ती." तू घसरली होतीसच, त्यामुळे सगळ्यांना पटलं. तुलासुद्धा. डोळ्यावर पट्टी बांधलेली, तरी तूच म्हणालीस, "सॉरी बाबा, मी नळी बघायला हवी होती." आणि मी तुझ्या केसांवरून हात फिरवत राहिलो. ऑरिन आजवर कुणाला काही बोलला नाही. फक्त माझ्याबरोबर पुन्हा कधी शिकारीला आला नाही.

रविवारी फोनवर म्हणालीस, "शनिवारी शिकारीच्या सुरक्षेचा वर्ग घेतेय मी, बाबा, तुम्ही येऊन बसा." दरवर्षी पहिल्या तासाला तू तुझी चूक सांगतेस, न तपासलेल्या नळीची. फोन ठेवल्यापासून मला एका जागी बसवत नाहीये. चिखल नव्हता, मॅरेन. नळी स्वच्छ होती, मी त्याच संध्याकाळी पाहिली. तुझा डोळा माझ्यामुळे गेला. शनिवारी मी येईन. तू परवानगी दिलीस तर पुढे उभा राहून मीच सांगेन. तोंडही बघायचं नसेल तर बाहेर गाडीत बसेन. पण ती गोष्ट तू आता पुन्हा सांगू नकोस.

तुझाच,
बाबा