नाशिकचे घर आणि रबरी ट्यूबांची पेटी

मी, राजाराम दत्तात्रेय गायधनी, ज्याला सगळे राजाभाऊ म्हणतात, वय छप्पन्न, मूळ राहणार नाशिक, हल्ली मुक्काम कुवेत, पेट्रोकेमिकल कारखान्यात इंजिनिअर, हे मृत्युपत्र शुद्धीत राहून आणि कोणाही माणसाचे दडपण नसताना लिहीत आहे. दडपण आहे ते क्षेपणास्त्रांचा इशारा देणाऱ्या भोंग्याचे. दुपारपासून तो दोनदा वाजला. खिडक्यांना प्लास्टिक चिकटवलेल्या खोलीत मी आणि वरच्या मजल्यावरचे मुकेश पारकर बसलो आहोत. संध्याकाळी कारखान्याची बस मला न्यायला येईल, आणि युद्ध संपेपर्यंत आम्हा मोजक्या लोकांना आतच राहायचे आहे. मुकेश त्याआधी विमानतळावर निघतील. विमान उडाले तर हा कागद त्यांच्या बॅगेतून, आधीच नाशिकला पाठवलेल्या माझ्या पत्नीच्या हाती पडेल. अक्षर बिघडले असेल तर सांभाळून घ्यावे.

१. घर. नाशिकचा माझा फ्लॅट माझ्या पश्चात पूर्णपणे पत्नी सौ. चारुशीला हिचा. माझे थोरले बंधू शत्रुघ्न यांचा त्यावर काडीचाही हक्क नाही. नव्वद साली इराकी फौजा इथे शिरल्या तेव्हा आम्ही नेसत्या कपड्यांनिशी जॉर्डनमार्गे घरी पोहोचलो, तर आमच्या दारावर बंधूंच्या नावाची पाटी. आम्ही मेलो असे धरून त्यांनी संसार थाटला होता. घराचे कागद कुवेतमध्ये राहिलेले. झोपलेल्या ज्ञानदाला खांद्यावर घेऊन चारुशीला जिन्यात उभी, आणि बंधू दारातून विचारतात, "घर तुझं कशावरून? कागद दाखव." सरकारी कचेरीतून नक्कल मिळून ते बाहेर पडेपर्यंत आम्ही मेहुण्यांकडे दिवस काढले. मी नसताना तिला पुन्हा त्या जिन्यात उभे राहावे लागू नये, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

२. बंधूंसाठी. ती पाटी मी जपून ठेवली आहे, माळ्यावर, जुन्या पंख्याच्या मागे. ती त्यांना स्क्रूंसकट परत द्यावी.

३. ठेवी आणि कंपनीचे जे काही येईल ते चारुशीलेचे. त्यातून ज्ञानदाचे शिक्षण तिला हवे तिथपर्यंत व्हावे. काल फोनवर ज्ञानदा एकच वाक्य म्हणत राहिली, "बाबा, जस्ट कम होम." सगळेच निघून गेले तर गॅसच्या टाक्यांकडे कोण बघणार, हे मला तिला नीट सांगता आले नाही. मला भीती वाटते हेही सांगितले नाही. ते इथे लिहितो.

४. देह. विमाने चालू असली तर नाशिकला न्यावा. नसली तर, इथे दहनाला परवानगी नाही म्हणून, जिथे जागा मिळेल तिथे पुरावा. चारुशीलेने त्यावरून कोणाशी भांडू नये आणि कोणाला भांडू देऊ नये.

५. मासे पकडण्याच्या आमिषांची निळी पेटी, दोन्ही रॉड आणि रिळांसह, माझे मित्र बदरुद्दीन इब्राहीम मुकादम यांना द्यावी. हे मूळचे बाणकोटचे, इथल्या शुवैख भागात यांचे रेडिएटर दुरुस्तीचे वर्कशॉप आहे. मी शाकाहारी. कोळंबीचा तुकडा गळाला लावणे माझ्याने होत नाही. मासा फसवण्याचे पाप करतोच आहे, त्यात कोळंबीचे आणखी कशाला, या माझ्या म्हणण्यावर बदरुद्दीनभाई इतकी वर्षे हसत आले आहेत. इराकी गेल्यानंतर तेलविहिरी विझवायला आलेल्या एका अमेरिकनाने जाताना गळाला लावायच्या रबरी ट्यूबांची पाकिटे माझ्या टेबलावर ठेवली. वर 'बास' नावाच्या माशाचे चित्र. हा आमच्या खाडीतल्या जिताड्याचा भाऊबंद, असे बदरुद्दीनभाईंनी चित्रावरूनच जाहीर केले. बास इथे नाही, हामूर आहे. तोही कपारीत दबा धरून बसतो आणि तोंडापाशी आलेले काहीही गिळतो. त्याला ट्यूब चालली. मासा त्यांच्या घरी जातो, झुलेखाभाभी कालवण करतात, आणि आंघोळ केल्याशिवाय चारुशीला मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही.

बदरुद्दीनभाई पक्के कोळंबीवाले, म्हणून वापर लिहून ठेवतो. ट्यूब म्हणजे बोटभर पोकळ नळी, एक टोक बंद, दुसऱ्याला झालर. रंग पाणी पाहून निवडावा. गढूळ असेल तर काळपट हिरवी किंवा तपकिरी, निवळ असेल तर पांढरी, चंदेरी कणांची. शिशाचे डोके असलेला गळ झालरीच्या बाजूने आत सरकवावा. डोके बंद टोकाला भिडले की गळाचा कान रबरातून वर काढून त्याला तंगूस, म्हणजे रिळावरचा नायलॉनचा दोरा, बांधावा. गळाचे टोक ट्यूबच्या बरोबर मधून बाहेर यावे. ट्यूब वाकडी बसली तर उतरवून पुन्हा लावावी, तशीच फेकू नये. शिसे हलकेच घ्यावे. जड शिशाने ती सरळ तळ गाठते, हलक्याने गिरक्या घेत उतरते, आणि हामूर त्या गिरक्यांनाच भुलतो. कपारी दाट असतील तिथे शिसे नळीच्या पोटात सारून रुंद वाकाचा गळ लावावा आणि त्याचे टोक रबरातच लपवावे, म्हणजे दगडात अडकत नाही.

टाकल्यावर तंगूस थोडा सैल सोडावा. बहुतेक मासे ट्यूब उतरत असतानाच ती घेतात. हाताला काही लागत नाही, फक्त तंगूस बाजूला सरकतो किंवा मध्येच थांबतो. नेमके तेव्हा बदरुद्दीनभाई बोलत असतात. बोलू नये. तळाला टेकली की खेकडा चालेल तशी हळूहळू ओढावी, आणि मासा लागला की लगेच कपारीपासून दूर खेचावा. तिथे दयामाया दाखवली तर तो आत शिरून तंगूस कापतो. ट्यूब उन्हाळ्यात गाडीत ठेवू नयेत. एका जुलैत मी ठेवल्या आणि सगळ्यांचा मिळून एक चिकट गोळा झाला. चारुशीलेने तो पाहून, हे कोणाला खायला घालणार आहात, असे विचारले होते.

इथवर लिहिले आणि फोन आला. दुसरे साक्षीदार म्हणून माझे सहकारी प्रसाद यायचे होते. ते जहरा गावात अडकले आहेत, रस्त्यावर पोलिसांनी गाड्या परत फिरवल्या. भोंगा तिसऱ्यांदा वाजला. इमारत जवळजवळ रिकामी. मुकेशना अर्ध्या तासात निघायलाच हवे. एका साक्षीचे मृत्युपत्र बंधू टिकू देणार नाहीत, आणि मग चारुशीला पुन्हा जिन्यात. मी तीन मजले दारे ठोठावून आलो. कोणी उघडले नाही.

त्याच वेळी बदरुद्दीनभाई शुवैखहून मला निरोप द्यायला आले. आनंद झाला आणि लगेच पाचवे कलम आठवले. नाशिकच्या वकिलांनी बजावले होते की ज्याला काही देता त्याची साक्ष घेऊ नका, कोर्टात समोरचा तेवढेच धरून बसेल. मी हे त्यांना सांगितले. कागद हातात घेऊन त्यांनी पाचवे कलम सावकाश वाचले, बोलण्याबद्दल लिहिलेले दोनदा वाचले. मग पेन माझ्यापुढे धरले.

"ह्ये कलम खोडा," ते म्हणाले. "वहिनींचा घर मोठा हाय का पेटी?"

मी खोडले. खाडाखोड माझीच असून बाजूला सही केली आहे. मग मी पेटी उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवली. कागदावर देता येत नसेल तर हयातीत हातात देतो, त्याला कोणाची साक्ष लागत नाही. त्यांनी ती पायाने माझ्याकडे परत सारली.

"आता घेतली तर तुम्ही येनार नाय असा मी कबूल केल्यासारखा व्हईल," ते म्हणाले. "मी नाय घेत."

मुकेश घड्याळाकडे बघत होते. मी आग्रह केला नाही, पेटी उचलून कोपऱ्यात ठेवली. चारुशीलेला पेटी नको आहे, ज्ञानदा रबराच्या वासाने पळते. सबब, माझ्या सर्व मिळकतीत ही एकच वस्तू अशी राहिली की जिला वारस नाही. तिच्यासाठी मला परत यावे लागेल.

बाकी सर्व वर लिहिल्याप्रमाणे. हे मी स्वतः लिहिले, पुन्हा वाचले, आणि खाली नावे असलेल्या दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.

राजाराम दत्तात्रेय गायधनी

मुक्काम कुवेत, गुरुवार, दिनांक २० मार्च २००३

साक्षीदार:

१. मुकेश पारकर. सही माझ्यासमोर झाली. या मृत्युपत्राने मला काही मिळत नाही.

२. बदरुद्दीन इब्राहीम मुकादम. सही माझ्यासमोर झाली. या मृत्युपत्राने मला काही मिळत नाही.