ओरडणं थांबलं की बोलू

६ एप्रिल

ती. आत्यास,
टकळीचा सा. न. वि. वि.

मला नोकरी लागली, बुटांच्या दुकानात. सोळाव्या वर्षी कमावती झाले म्हणून मी घरात जरा तोऱ्यातच वावरते आहे. माझ्याबरोबर आणखी एक मुलगी कामाला आहे. बसक्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकाचं पाऊल मापायचं आणि बूट चढवून द्यायचे. लोकांचे मोजे पाहशील तर हसून हसून तुझं पोट दुखेल.

पण काल घोळ झाला. घाईत मी एकाच खोक्यात डावा बूट सात नंबरचा आणि उजवा आठचा भरला. ते गृहस्थ तणतणत परत आले. मी खाली स्टुलावर, ते माझ्या डोक्यावर उभे. वाट्टेल ते बोलले आणि बूट माझ्या अंगावर भिरकावला. खांद्याला लागला. मी मान खाली घालून तो बूट उचलला. गिऱ्हाईक चिडलं की मान खाली घालायची, असा मालककाकांचा नियम आहे. तेही गल्ल्यावर मान खाली घालूनच बसले होते.

बाबा म्हणतात, नोकरी सोड. मला सोडायची नाही गं, पण दुकानाच्या दाराशी पोचले की ते गृहस्थ आत नाहीत ना, हे आधी डोकावून बघते. काय करू?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
टकळी

१० एप्रिल

चि. टकळीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. चूक तुझी होती, ती कबूल करायची आणि बूट बदलून द्यायचा. पण चुकीला बूट फेकून मारणं ही कुठली रीत? पोस्टाच्या खिडकीवर माझ्यासमोरही रोज एखादा जमदग्नी येतो, पण मध्ये काच असते. तुझ्याकडे काच नाही, म्हणून आवाज चढला की आधी उठून उभी राहा, मागे सरक आणि शांतपणे सांग की ओरडणं थांबलं की बोलू. दुकानातल्या दुसऱ्या मुलीशीही ठरवून टाक. एकीवर कुणी ओरडलं की दुसरीने हातातलं काम टाकून शेजारी येऊन उभं राहायचं.

आमच्या बंधुराजांना मी आठवडाभर थोपवते. थोरली असण्याचा तेवढाच फायदा. पुढचं तुझं तू बघ. खांदा शेकत जा.

तुझ्यावर जीव असलेली,
आत्या

१७ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर लावून वाच. आज तेच गृहस्थ पुन्हा आले, आता पैसेच परत हवेत म्हणून. थेट गल्ल्यावर मूठ आपटून त्यांनी काकांची बाही धरली. काकांची मान खाली. तू सांगितलंस तसं दुकानातल्या त्या मुलीशी मी ठरवलं होतं, त्यात काका नव्हतेच, पण मी कधी उठले ते मलाच कळलं नाही. काकांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. मी सांगितलं की बाही सोडा, ओरडणं थांबलं की बोलू. आवाज अगदी चिरका निघाला, पण निघाला. त्यांनी आम्हा तिघांकडे पाहिलं, बाही सोडली आणि पुटपुटत निघून गेले. आत्या, मला नाचावंसं वाटत होतं.

काकांनी आधी चुरगळलेली बाही सारखी केली. मग म्हणाले की इतकी वर्षं दुकान चालवतोय, पण माझ्या शेजारी येऊन कुणी उभं राहिलं नव्हतं.

संध्याकाळी बाबा आले, मला नोकरीतून कायमचं काढून न्यायला. काकांनी त्यांच्यापुढे हात जोडले आणि सांगितलं की आज खुशाल न्या, पण उद्या हिला पाठवा, हिच्याशिवाय दुकान उघडायचा मला धीर नाही. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी काकांना विचारलं, सकाळी किती वाजता आणून सोडू?

माया आहे तशीच असू दे.

तुझी,
टकळी