डिकीतला कोलम

८ डिसेंबर, रविवार
मी मत्सरी माणूस नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे अवधूतविषयी लिहावं लागणार आहे.
अवधूत समोरच्या बिल्डिंगमध्ये राहतो. नागपूरचा. उंच, अंगाने भरलेला. माझी बायको प्रतिमा, तिच्याच लॅबमध्ये आहे, मॉरिसटाउनला. बायको हिमानी डॉक्टर, तिची रेसिडेन्सी बफेलोला. हा दर दुसऱ्या वीकेंडला बफेलोला ड्राइव्ह करतो. तिथे म्हणे बर्फातून दार शोधावं लागतं.
आज जेवायला आला होता. प्रतिमाने विचारलं, भीती नाही वाटत? तो म्हणाला, भीती कायची वहिनी, गाडीशी भांडायचं नाही, बस. प्रतिमा खूप हसली. यात हसण्यासारखं काय होतं ते मी भांडी घासताना शोधलं. सापडलं नाही.
आम्ही ऑगस्टमध्ये टेक्सासहून इकडे थंडीत, पार्सिपनीला आलो. तिथे अर्विंगमध्ये मी बारा वर्षं गाडी चालवली. एक ओरखडा नाही. एक आहे, तो पार्किंगच्या खांबाचा दोष. प्रतिमाला ड्रायव्हिंग आवडत नाही. लायसन्स आहे, पण मी असताना गरज पडत नाही. तिला लॅबला सोडणं आणि आणणं माझ्याकडे. म्हणून इथे एकच गाडी ठेवली.

११ डिसेंबर
पहिला बर्फ. सुंदर वगैरे.
संध्याकाळी प्रतिमाला आणायला निघालो. कॉम्प्लेक्समधून बाहेर पडताना मोठा उतार आहे. ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. तिला वाटलं तेव्हा थांबली, कचऱ्याच्या डब्याला टेकून. डबा आधीपासून वाकडा असावा.
परिस्थितीचा आढावा घेतला आणि परत फिरलो. प्रतिमाला फोन केला, रस्ते बंद आहेत. ती म्हणाली, मला खिडकीतून टू-एटी-सेवन हायवे दिसतोय, गाड्या चालू आहेत. मी म्हणालो, लांबून तसं वाटतं.
ती अवधूतच्या गाडीतून आली. गाल लाल. कसा चालवतो, असं मी सहज विचारलं. मस्त, म्हणाली.
बारा वर्षांत माझ्या ड्रायव्हिंगला मस्त म्हटल्याचं आठवत नाही. अर्थात टेक्सासमध्ये रस्ते सरळ आहेत. संधी मिळाली नाही.

१३ डिसेंबर
प्रतिमाने विचारलं, मी शिकू का बर्फात चालवायला? मी म्हणालो, बर्फ ही शिकायची जागा नाही. ती म्हणाली, मग कुठे शिकायचं, फ्रीजरमध्ये? बघू, म्हणालो.
ठरलं. आधी मी शिकणार. संक्रांतीपर्यंत पक्का. मग अवधूतची गरज संपली.

१५ डिसेंबर, रविवार
बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानामागे मोकळं पार्किंग आहे, बर्फाने भरलेलं. सरावाला गेलो. सईला मागे बसवलं, वडिलांना शिकताना पाहणं मुलांना चांगलं असतं. ती आठ वर्षांची आहे.
एक वळण उत्तम झालं. दुसऱ्यात सई म्हणाली, बाबा, वी आर गोइंग साइडवेज. मी सांगितलं, हे मुद्दाम करतात. ती म्हणाली, देन व्हाय आर यू स्क्रीमिंग?
घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. प्रतिमा हसली नाही. अवधूतच्या साध्या वाक्याला हसते.

२० डिसेंबर
बर्फ. प्रतिमा परत त्याच्या गाडीत.
मी खिडकीत उभा होतो. वाट पाहत नव्हतो, बर्फ पाहत होतो. गाडी गेटपाशी थांबली. दोघंही उतरली. दोघंही का? बॉनेटसमोर भेटली. प्रतिमाने त्याच्या हातात काहीतरी ठेवलं. लहानसं. तो काहीतरी बोलला, तिने त्याला कोपरापासून नमस्कार केला, दोघं हसली. मग तो एकटा गाडीत बसून पार्किंगकडे गेला.
काय दिलं असेल? विचारणार नाही. मत्सरी माणसं विचारतात.
तो तिच्यासाठी दार उघडायला उतरला असणार. असल्या गोष्टींवर बायका भाळतात. उद्यापासून मीही उतरणार.

२१ डिसेंबर
किराणा दुकानासमोर उतरलो, वळसा घालून तिच्या दारापाशी गेलो. ती तोवर उतरून आत पोचली होती. मी घसरलो. उजवं कोपर.

२९ डिसेंबर, रविवार
दुपारी प्रतिमा सोफ्यावर झोपली होती. झोपेत पुटपुटली. नीट ऐकलं. सोड. हळू. हळू सोड रे.
मला ती रे म्हणते. अवधूतलाही म्हणत असेल का? समोर तरी अहो-जाहो करते. ती जागी झाल्यावर विचारलं, काही स्वप्न? आठवत नाही, म्हणाली आणि चहा ठेवला. चहा चांगला होता. तेच खटकलं.

५ जानेवारी
रात्री बर्फाचा अंदाज होता. संध्याकाळी पाहिलं तर पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांचे वायपर काचेपासून उचलून उभे केलेले. माझ्याही. अमित खालच्या मजल्यावर राहतो, तो म्हणाला, अवधूतने केले, सगळ्यांचेच करतो तो.
माझ्या गाडीला कोणी हात लावलेला मला चालत नाही. वायपर खाली केले.

६ जानेवारी
वायपर काचेला चिकटून गोठले. ओढले. रबर काचेवर राहिलं, दांडी हातात आली. अवधूतने काल ओढाताण केल्यामुळे सैल झाले असणार.
प्रतिमा त्याच्याबरोबर गेली. जाताना गुणगुणत होती.

१० जानेवारी
शोध लागला. अमितने सांगितलं, त्याच्या ऑफिसातला एक अमेरिकन हिवाळ्यात पिकअपच्या मागे वाळूच्या गोण्या टाकतो. वजनाने गाडी रस्ता धरते. किती साधं. हे अवधूतने कधी सांगितलं नाही. का सांगेल?
वाळू मिळाली नाही. इंडियन स्टोअरमध्ये कोलम तांदळाचा सेल होता. पाच मोठ्या पिशव्या डिकीत टाकल्या. वाळू हिवाळ्यानंतर फेकावी लागते. तांदूळ खाता येतो. अमेरिकनांना हे सुचणार नाही.
प्रतिमा म्हणाली, एवढा तांदूळ कशाला, आपण तिघंच आहोत. तिला बर्फ पडल्यावर कळेल.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. अवधूत तिळगूळ घ्यायला आला. प्रतिमाने त्याला लाडू दिला. त्याने आणखी एक मागितला. तोही दिला. मला एक.
शनिवारी मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम आहे. अवधूत म्हणाला, भाऊ, शनिवारी फ्रीझिंग रेन सांगून राहिले, रस्त्यावर काच होते त्याची. हिमानी पण येणार आहे, सगळे माझ्याच गाडीत चला ना. सई ओरडली, येस!
मी शांतपणे म्हणालो, आमच्याकडे गाडी आहे.
मग त्याला खाली नेऊन डिकी दाखवली. तो तांदळाकडे पाहत राहिला. म्हणाला, भाऊ, तुमच्या गाडीचा जोर पुढच्या चाकांवर. मागे वजन टाकलं की पुढची चाकं हलकी होतात. पिकअपचं उलटं असते. मी म्हणालो, प्रत्येकाची पद्धत वेगळी. तो हो म्हणाला. हे हो मी ओळखतो.
शनिवारी प्रतिमा माझ्या गाडीतून घरी येईल. उतारावरून वर. न थांबता. तो मागून पाहील.

१८ जानेवारी, शनिवार, सकाळ
नवे वायपर. टाकी भरली. कोलम जागेवर. मन शांत. प्रतिमा काळी साडी नेसली आहे. ही साडी तिने माझ्या वाढदिवसाला नेसली नव्हती. आज अवधूत येणार आहे. आज संक्रांतीचा कार्यक्रम आहे म्हणूनही असेल.

१८ जानेवारी, संध्याकाळ
सगळं क्रमाने लिहितो. उगाच वाढवत नाही.
शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. हळदीकुंकू. मंडळाच्या अहिल्यामावशींनी यंदा वाण म्हणून बायकांना काचेवरचा बर्फ खरवडायचे स्क्रेपर वाटले. दांड्यांना हळदीकुंकवाची बोटं. मी एक मागितला. मावशी म्हणाल्या, अरे वाण सवाष्णींना, तू काय लुटणार आहेस?
बाहेर पडलो तेव्हा बारीक पाऊस होता. पडल्या पडल्या गोठत होता. अवधूतने विचारलं, वहिनी, नक्की? प्रतिमाने माझ्याकडे पाहिलं. मी किल्ली वाजवली. ती माझ्या गाडीत बसली. मला बरं वाटलं. हा क्षण नोंदवून ठेवतो, पुढे असा नाही.
मी बैलगाडीच्या वेगाने निघालो. अवधूत मागे. पुढे जात नव्हता. पाळत. शेजारी हिमानी होती, तरी तो माझ्या गाडीकडे पाहत होता.
सरळ रस्ता ठीक झाला. कॉम्प्लेक्सचा उतार आला, आता चढायचा. अर्ध्यावर पुढची चाकं जागच्या जागी फिरू लागली. मी गॅस दिला. जास्त दिला. गाडीने मान उचलली, मागचा भाग डावीकडे गेला, आणि आम्ही सावकाश, तोंड झाडीकडे करून, खाली यायला लागलो. सई म्हणाली, साइडवेज अगेन. प्रतिमा म्हणाली, ब्रेक नको. मी ब्रेक दाबला. कडेच्या बर्फाच्या ढिगाने आम्हाला झेललं. कोणाला काही झालं नाही.
खाली अवधूतची गाडी थांबली होती. दिवे आमच्यावर.
प्रतिमा म्हणाली, उतर. मी म्हणालो, थांब, थोडं मागे घेतो. ती म्हणाली, मोरेश्वर, उतर. पूर्ण नाव तिने लग्नात घेतलं होतं, त्यानंतर आज.
उतरलो. आता अवधूत येणार आणि माझ्या सीटवर बसणार, हे मला दिसत होतं. त्याला काय बोलायचं तेही तयार होतं. तो उतरला नाही. काच खाली करून ओरडला, वहिनी, आधी वजन काढा, मग लो गिअरमध्ये टाका, जमते तुम्हाला.
प्रतिमा साडी खोचून ड्रायव्हरच्या सीटवर बसली. सीट पुढे घेतली. म्हणाली, तांदूळ काढ.
मी पाचही पिशव्या काढल्या आणि रस्त्याच्या कडेला ठेवल्या. तिने गाडी हळू मागे घेतली, सरळ केली, आणि वर गेली. एकदाही थांबली नाही. मागच्या काचेतून सई हात हलवत होती. मला नव्हे, तसाच हवेत.
अवधूत गाडी घेऊन माझ्याजवळ आला. हिमानी म्हणाली, वा, प्रतिमाताई खरंच छान चालवतात. हा सांगतो मला, दुसऱ्या खेपेपासून याची गाडी त्याच आणतात म्हणून. मॉरिसटाउनपासून गेटपर्यंत. हा नुसता शेजारी बसून च्युइंगम खातो.
अवधूत म्हणाला, हिमानी, तू पण ना. मग मला म्हणाला, बसा भाऊ, वर सोडतो.
मी म्हणालो, तांदूळ सोडून कसा येऊ?
त्याने पिशव्या गाडीत टाकायची तयारी दाखवली. मी नको म्हणालो. ते गेले. पहिली पिशवी खांद्यावर घेऊन चढायला लागलो. घसरलो, पिशवी फुटली. कोलम सगळ्या चढावर पसरला. उठून बघतो तर तांदळावर पाय घसरत नव्हता. दाण्यादाण्यावर पाय देत वर पोचलो.
म्हणजे तांदळाची कल्पना बरोबर होती. जागा चुकली.
घरी आल्यावर विचारलं, वीस डिसेंबरला त्याच्या हातात काय दिलंस? ती म्हणाली, किल्ली. गाडी त्याची आहे ना. मी म्हणालो, आणि कोपरापासून नमस्कार? ती म्हणाली, गुरुजी म्हणवून घेतो, चावट आहे. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती साडीच्या निऱ्यांतला बर्फ झटकत होती. म्हणाली, तुला विचारलं होतं की. बघू म्हणालास. मी पाहिलं.
म्हणजे तसलं काही नव्हतं. मला माहीतच होतं.
पण मॉरिसटाउनपासून गेटपर्यंत. शेजारी बसून. ब्रेक हळू सोडा, असं त्याने किती वेळा म्हटलं असेल, आणि तिने ऐकलं. माझं एक वाक्य ती पूर्ण ऐकत नाही.

१९ जानेवारी, रविवार
तांदूळ आणायला गेलो. पिशव्या भिजून गोठल्या होत्या. दगड. चढावर कोलम वेचायला खारी आल्या होत्या. जेवायला खिचडी.

२१ जानेवारी, मंगळवार
बर्फ.
किल्ली प्रतिमाकडे आहे. तिच्या वाटेवर माझं ऑफिस पडतं, आता ती मला सोडते. ही व्यवस्था तात्पुरती, मार्चपर्यंत. तिने वाणाच्या स्क्रेपरने काच साफ केली. मी सवयीने विचारलं, मागे पिशव्या टाकायच्या का? ती म्हणाली, पुढे बस, वजन पुढच्या चाकांवर हवं.
पुढे बसलो. बरं वाटलं. कुणाला तरी आपण लागतो. या सीटवर अवधूत कधी बसलेला नाही. त्याच्या गाडीत बसला असेल. ही माझी गाडी.
गेटपाशी अवधूत बॅग घेऊन उभा होता. त्याची गाडी हिमानी बफेलोला घेऊन गेली आहे. प्रतिमाने थांबवली. काच खाली केली. पुढे उतार आहे, आणि अवधूत माझ्यापेक्षा जड आहे, हे तिला बोलावं लागलं नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं.
मी उतरलो. त्याच्यासाठी दार मीच धरलं. मागे सईची बूस्टर सीट आहे, तिच्या शेजारी बसलो.