मेणाचे तीन हात

भोर, ता. ९ फेब्रुवारी १९४३
बाजारातून आणलेला देशी पॉलिशचा डबा आज फोडला. घाण. चरबी आणि रॉकेल, वरून गुलाबाचं अत्तर. मेलेल्या बोकडाला नटवून मांडवात उभं करावं तसं. डाव्या मडगार्डावर वीतभर लावून पाहिलं. चमकलं काही नाही, माश्या मात्र जमल्या. दोनदा साबणाने धुतलं तरी वास हटेना. जेवताना हाताला तोच. अर्धी भाकर टाकून उठलो.
विलायती पॉलिश लढाईमुळे पुण्यातही मिळत नाही. तळाशी उरलं होतं ते दिवाळीला खरवडून संपवलं.

ता. ११
गाडी सहा महिने लाकडी ठोकळ्यांवर उभी. पेट्रोल कुपनावर, आणि कुपनं कुठं? आमच्या वकीलसाहेबांनी (यापुढे व.सा.; पूर्ण लिहायची हौस नाही) दोन गॅलन जपून ठेवलंय, मागच्या खोलीत, कुलपात. ते मुलीच्या वरातीसाठी. लग्न वैशाखात. तोवर गाडी चालणार नाही, पण चमकली पाहिजे. रोज. जी दारातून हलत नाही तिला रोज पुसायचं. पुण्याच्या कारखान्यात नऊ वर्षं रंगाचं काम शिकलो ते यासाठी.
व.सा. आज म्हणाले, "दत्तू, खोबरेल लावून बघ. केसांना चकाकी येते, पत्र्याला का येऊ नये?" वकील माणूस. वाद कोण घालणार? लावलं.

ता. १२
खोबरेलाची चकाकी दहापर्यंत. अकराला रस्त्यावरून मेंढरांचा कळप गेला. बाराला बोनेटवर इतकी धूळ की बोटाने नाव लिहिता आलं असतं. चिकट, तपकिरी, लोण्याला माती लागावी तशी. पुसून काढण्यात दिवस गेला. कंबरेचा काटा ढिला.

ता. १५
मी दाढीला गेलो तेवढ्यात व.सा.नी चुलीतली राख ओल्या फडक्यावर घेऊन उजवं दार घासलं. "भांडी कशी लख्ख निघतात!" दारावर पन्नास ओरखडे. मी बघत उभा. "लांबून दिसत नाहीत रे." नाही दिसत, साहेब. दात खाऊन म्हटलं.
किळस आली. माणसाची, दाराची, स्वतःच्या "साहेब" म्हणण्याची.

ता. २०
मेणबत्त्या रॉकेलात वितळवून. बुरशी धरल्यासारखी सगळी गाडी पांढरी. खरवडताना नख तुटलं. जास्त लिहावंसं वाटत नाही.

ता. २४
बाजाराचा दिवस. धोंडिबा येऊन गेला. आंबवड्याचा, शेती करतो, रानातला मध काढायचा नाद. बाजाराला आला की गाडी बघायला येतो, चार हात लांब उभा राहतो. हात लावत नाही. एवढी अक्कल असलेला या मुलखात हा एकच.
"डायवर, पोळ्याचं मेन चालंल का? घरात लई पडलंय."
चालेल म्हणजे काय! कारखान्यात बड्या लोकांच्या गाड्यांना तेच लावायचो, फक्त डब्यावर इंग्रजी नाव असायचं. माझ्या डोक्यात कसं आलं नाही? एवढे दिवस खोबरेल आणि राख करत बसलो.

ता. २८
मेण आलं. घाईने वितळवलं, लावलं. मधाचा अंश राहिला होता. तासाभरात मुंगळे. बोनेटवर, काचेवर, आत गादीवर. व.सा. कोर्टाचे कपडे घालून आत बसले होते. नुसतेच बसतात, रोज पाच मिनिटं, काठी धरून. किंचाळत बाहेर आले. या महिन्यातली एवढीच करमणूक.

ता. ४ मार्च
मेण तीनदा पाण्यात उकळून फडक्यातून गाळलं. त्यात टर्पेंटाइन, चमचाभर जवसाचं तेल. डबा गरम पाण्यात ठेवून विरघळवायचं, विस्तवावर नाही. मागच्या मडगार्डावर पातळ हात दिला, वाळू दिला, फलालीनने घासला.
काळा रंग आतून उघडला. मी तिथंच जमिनीवर बसलो. कितीतरी वर्षांनी काहीतरी नीट जमलं. व.सा.ना दाखवलं नाही. ते म्हणणार, खोबरेलाचाच गुण.

ता. १०
धोंडिबाने आणखी मेण आणून दिलं. त्याची लेक चंद्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. वेल्ह्याकडे दिलेली. "नातू झाला की पेढं आदी तुमास्नी." म्हटलं, नात झाली तर? "तरी पेढंच. बर्फी कोन खातंय!" बराच वेळ हसत होता.

ता. १८
सबंध गाडीला दोन हात झाले. प्रत्येक हात वाळायला वेळ द्यावा लागतो आणि ओला असताना धुळीचा कण नको. धूळ बसली, वरून फडकं फिरलं, की राखेने गेला तसा रंग गेला. दारं-खिडक्या बंद. फटींना गोणपाट. मी आत अनवाणी चालतो.
व.सा.चं फर्मान: २१ला साताऱ्याहून मुलाकडची मंडळी येणार, गाडी बघणार, ठोकळ्यांवरून उतरव. उतरवली. ते पुण्याला गेले, मागच्या खोलीची किल्ली माझ्याकडे देऊन. तिसरा हात २०ला सकाळी.

ता. २०
तिसरा हात दिला. अकराच्या सुमारास धोंडिबा आला. आंबवड्याहून पळत. चंद्रा कालपासून अडलीय, सुईण म्हणते दवाखान्यात न्या.
"डायवर, गाडी काडा. पाया पडतो तुमच्या."
पेट्रोल नाही म्हणून सांगितलं. टांगेवाला त्या रस्त्याला यायला तयार नाही. धोंडिबा थांबला नाही, बैलगाडी जुंपायला परत पळाला.
हात चांगला बसलाय. संध्याकाळपर्यंत वाळेल.

ता. २१
मंडळी आली. मुलाचे चुलते बोनेटमध्ये बघून मिशी सारखी करून घेत होते. व.सा.: "विलायती पॉलिश. खास मागवलं." मी मागे उभा. एरवी चिडलो असतो.
दुपारी दवाखान्याचा शिपाई भेटला. बैलगाडी काल पाचला पोचली. मूल आधीच गेलेलं. पोरगी वाचली. डॉक्टर म्हणाले म्हणे, दुपारी आणली असती तर

ता. २३
काल लिहिलं नाही. आज खरं लिहितो. ही वही दुसरं कुणी वाचत नाही.
किल्ली खिशात होती. पेट्रोल दोन गॅलन होतं. जाऊन येऊन एकसुद्धा लागलं नसतं. व.सा.ना घाबरलो म्हणावं, तर तेही नाही. नोकरी गेली असती तर पुण्यात दुसरी होती. धोंडिबा पाया पडतो म्हणाला तेव्हा मला आंबवड्याचा रस्ता दिसला आणि ओल्या मेणावर बसणारी धूळ दिसली. बस. त्या घडीला पोरगी दिसलीच नाही.
आणि मी व.सा.ना नावं ठेवतो. थू.

ता. ३१
धोंडिबा बाजाराला आला. नेहमीसारखा चार हात लांब उभा. "तुमी तरी काय करनार, डायवर? नव्हतं तर नव्हतं." वर माझीच समजूत. चहा दिला त्याला. माझा मोरीत ओतला.
तो गेल्यावर गाडीला हात लावला नाही. व.सा. ओरडले. मग पुसली.

ता. ८ एप्रिल
धोंडिबा आज मुद्दाम आला, बाजार नसताना. तोंड उतरलेलं. चंद्राचे सासरे म्हणतात, बापाने हयगय केली, पहिलं नातवंड घालवलं. वकिलाचा ड्रायव्हर ओळखीचा म्हणून गावभर मिरवतो, मग मोटार का आणली नाही? तिला न्यायला कुणी येत नाही. मुलाला दुसरी बायको बघतायत अशी कुणकुण आहे.
"तुमी एक डाव वेल्ह्याला चला. पेट्रोल नव्हतं म्हून सांगा. माजं ऐकत न्हाईत. तुमचं ऐकत्याल, तुमी शिकल्यालं."
येतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?
तो गेल्यावर व.सा.कडे चार दिवसांची रजा मागितली.

ता. १२
वेल्ह्याहून आलो. जाताना वाटेत एका ठिकाणी मुक्काम, येताना तसाच. जाताना खरं सांगायचं ठरवलं होतं. अगदी शब्द जुळवून.
सासरे उंच, कमी बोलणारा माणूस. आधी भाकरी वाढली. मग बेलभंडारा पुढे ठेवला. "हा उचला आन सांगा. पेट्रोल व्हतं का नव्हतं?"
धोंडिबा माझ्या शेजारी. त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता.
उचलला. नव्हतं म्हणालो.
म्हाताऱ्याने तो माझ्या हातातून परत घेतला. मग धोंडिबाला म्हणाला, "पावनं, आमी चुकलो. अक्षयतृतीयेच्या आत सुनंला न्यायला येतो." धोंडिबा रडायला लागला. परतीच्या सबंध वाटेत माझे गुण गात होता. मला त्याचा आवाज नकोसा झाला होता.

ता. १३
झोप नाही. आता एक गोष्ट लक्षात येतेय, घरी बसून. खरं सांगितलं असतं तरी धोंडिबा सुटलाच असता. पेट्रोल होतं, ड्रायव्हरने दिलं नाही, बापाचा काय दोष? पोरगी नांदायला गेलीच असती. मी तिच्यासाठी खोटं बोललो असं वाटेभर मनाला सांगत होतो. साफ खोटं. मी माझ्यासाठी बोललो. बेलभंडारा हातात धरून.
आणि आता उघड झालं तर सासरे म्हणणार, बापानेच ड्रायव्हरला पढवून आणलं. म्हणजे जे आधी नुसतं माझं होतं ते मी त्या दोघांच्या गळ्यात बांधून आलो.

ता. २८
चंद्राला न्यायला सासरे स्वतः आले. जाताना त्यांची बैलगाडी गॅरेजपाशी थांबली. ती उतरून पाया पडली माझ्या. मी मागे सरलो तर धोंडिबा म्हणतो, "पडू द्या, तुमच्यामुळं चाललीया." एवढीशी पोर. अंगात रक्त नाही.
मेणाचा उरलेला डबा उकिरड्यावर टाकला. व.सा. विचारतील. विचारोत.

ता. ६ मे
परवा लग्न. सकाळी व.सा.नी मागची खोली उघडली, पेट्रोलचे दोन्ही डबे बाहेर आणवले, हलवून बघितले. "मारुतीच्या देवळापासून बाजारातनं पुलापर्यंत. पुरेल ना रे, दत्तू?" पुरेल म्हणालो. ते खूश. डबे गॅरेजात ठेवले, दाराच्या आत.
ते गेले आणि अर्ध्या तासात धोंडिबा. त्याने काल वेल्ह्याला निरोप धाडलाय, व्याही चंद्राला घेऊन वरात बघायला येणार. त्या माणसाने आयुष्यात मोटार चालताना बघितलेली नाही. बाजारात अगदी पुढे उभी राहतील सगळी. मोटार पेट्रोलवर चालताना दिसली की त्याला बेलभंडारा आठवणार.
म्हटलं, धोंडिबा, ऐक. पण तो ऐकायला आलाच नव्हता.
"पेट्रोलाचा घोर नगा करू, डायवर. म्या समदा इचार केलाय. माजी बैलं जुंपू मोटारीला. कापूरहोळला कुनीतरी तसंच केलं म्हनं. चंद्रीला दवाखान्यात आनली ती हीच जोडी. गरीब हायती, रंगाला वरखडा उटू देनार न्हाईत. तुमी आमच्यासाटी येवडं केलं, आमी येवडं करू नये व्हय?"
बैलं धुऊन आणलीत. गॅरेजच्या दारासमोर खुंटाला बांधलीत आणि शिंगांना लावायला रंग आणतो म्हणून तो बाजारात गेलाय. दार सताड उघडं आहे, डबे तिथंच आहेत. आत सरकवले तर त्याला दिसणार नाहीत.
अजून सरकवलेले नाहीत. तासाभरात येतो म्हणाला होता, त्यातला बराचसा हे लिहिण्यात गेला.