अविधवा नवमीचे कुंकू

अर्विंग,
दि. १८ सप्टेंबर २०२५

चि. अदिती हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

मी येथे गिरीशकाकाकडे सुखरूप पोहोचलो. पिस्कॅटवेस तुमच्याकडे दिवाळीपर्यंत राहण्याचे ठरले असता नवमीच्या दुसऱ्याच दिवशी निघालो, यात तुझ्या आईवडिलांचा दोष नाही. लाज वाटली म्हणून निघालो.

तुझी आजी सवाष्ण गेली. अविधवा नवमीस तिच्या तसबिरीला कुंकू लावण्याचा माझा नेम आहे. तुमच्या घरी तसबीर नाही. सर्व फोटो टीव्हीत येतात व जातात. टेबलावर बिनकाचेचे चित्र दिसले: थकलेली बाई, हात कपाळाशी. तिन्हीसांजेस चूल सारवून तुझी आजी अशीच बसे. वाटले, नातीने दिवस लक्षात ठेवून आजी काढली. बोट ओले करून कुंकू लावले व नमस्कार केला.

ते तुझ्या चित्रकलेच्या सरांनी विश्वासाने दिलेले शंभर वर्षांपूर्वीचे जर्मन छापचित्र आहे, हे तू मैत्रिणींसमक्ष ओरडलीस तेव्हा कळले. मला सरांपुढे ने. चूक माझी, ती मीच सांगेन. इंग्रजी येत नाही, हात जोडता येतात.

माया आटू देऊ नये, ही विनंती.

तुझा,
प्रल्हाद आजोबा


पिस्कॅटवे,
२४ सप्टेंबर

ती. आजोबांस कृतानेक शि. सा. न. वि. वि.

मैत्रिणींसमोर तुमच्यावर आवाज चढवला, त्याची मला फार लाज वाटते. आईनं माझ्याशी बोलणंच कॅन्सल केलंय.

पण सरांकडे यायची गरज नाही. घरी टेबलावर काहीतरी सांडलं, असं मी त्यांना मेल केलंय. चित्र घेऊन त्यांनी पुढच्या आठवड्यात बोलावलंय. मला सहायक म्हणून घ्यायचं की नाही, ते तेव्हाच ठरेल. कुंकू काय, नवमी काय, हे सगळं तिथे एक्सप्लेन करत बसणं मला नाही जमणार.

आणि ती आजी नाही. ती स्वतःच चित्रकार. आरशात बघून तिनं आपलाच चेहरा तांब्याच्या पत्र्यावर कोरला आणि छापला. एकही सुरकुती गाळली नाही.

राग असला तरी पत्र लिहा.

तुमची,
अदिती


अर्विंग,
दि. ३० सप्टेंबर २०२५

चि. अदिती हिस अ. उ. आ.

पत्र पोहोचले. अक्षर सुधारले आहे. तथापि काहीही सांडले नव्हते. तुझ्या आजोबाने कुंकू लावले होते. ‘काहीतरी’ हे माझे नाव नव्हे.

मी चौथी शिकलेला. मैत्रिणींपुढे मी चहा बशीत ओतू नये म्हणून तू मला बिनबशीचा मग दिलास, तेव्हाच समजलो होतो. नातवंडांना म्हाताऱ्याचा संकोच वाटतो, ते मी पचवीन. परंतु जिने स्वतःची एक सुरकुती झाकली नाही, तिच्याच चित्रापुढे तू आपल्या माणसाला झाकावेस, हे मला पटले नाही.

सरांकडे ने, असे पुन्हा लिहिणार नाही. शब्द कडक वाटले तरी आशीर्वाद तोच आहे.

तुझा,
प्रल्हाद आजोबा


पिस्कॅटवे,
६ ऑक्टोबर

ती. आजोबांस कृ. शि. सा. न. वि. वि.

शुक्रवारी सरांना खरं सांगितलं. माझ्या आजोबांनी माझी आजी समजून तिला कुंकू लावलं, असं.

सर रागावले; डागापेक्षा माझ्या खोट्या मेलवर जास्त. जुने कागद दुरुस्त करणाऱ्या बाईंनी चित्र पाहिलं. डाग फिका होईल, जाणार नाही, म्हणाल्या. सहायकाचं काम मला मिळणार नाही. सरांचं बरोबरच आहे.

मी निघताना सरांनी विचारलं, आजी कशी दिसायची. मला एक ओळही सांगता आली नाही, आजोबा. डागाची वाटली नव्हती तेवढी लाज तेव्हा वाटली.

मी तांब्याचा पत्रा आणून ठेवलाय. तुम्ही परत या, समोर बसून आजी सांगा, मी कोरते. शनिवारी मैत्रिणीही येणार आहेत. तुमचा चहा सगळ्यांसमोर बशीतच.

वाट बघते आहे.

तुमची नात,
अदिती