कपाटाची चाबी

शुक्रवार, संध्याकाळ

शाळेचं वाचनालय मी सांभाळते. हिवाळ्यात संत्र्याच्या बगीच्यात गोष्टी वाचायची कल्पना माझीच. अन् हेडसरांनी काम दिलं सौंसरहून आलेल्या नव्या रेखाबाईला! काऊन?

आज लेकरांना घेऊन बगीच्यात निघताना तिनं पुस्तकं मागितली. मी म्हटलं, "कपाटाची चाबी सापडून नाही राहिली." चाबी पर्समध्येच होती. लेकरांसमोर खोटं बोलली मी.

"असू द्या ताई, आठवते तशी सांगते," ती म्हणाली.

बगीच्यात तिनं आपल्या सौंसरकडच्या बोलीत गोष्ट सुरू केली. लेकरं एकदम चूप. माझ्यासमोर कधी बसतात अशी? मी मागं उभी, चाबी मुठीत. मधातच ती थांबली, तं माझ्याच तोंडून निघालं, "मंग काय झालं?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. तिनं सरकून जागा दिली. बसली मी. जळणं गेलं नाही, पण गोष्ट शेवटपर्यंत ऐकली.