निरोगी गटातला गुडघा

३ जून
जिना उतरताना उजव्या गुडघ्यात कट्‌ असा आवाज. हवेचा बुडबुडा असणार. सांध्यात असे बुडबुडे फुटतात, मी स्वतः यावर लेक्चर देतो. बायको म्हणाली, डॉक्टरला दाखवा. सांध्यावर संशोधन करणाऱ्याला डॉक्टर काय नवीन सांगणार?

५ जून, सकाळ
संकल्प : आजपासून लिफ्ट बंद. फक्त जिना.

५ जून, संध्याकाळ
लिफ्टने आलो. हातात सामान होतं. (एक फाईल.)

९ जून
हॉस्पिटलमधून डबे आले. गुडघा बदलला की काढलेले तुकडे आमच्या लॅबमध्ये येतात. मी चकत्या करून हाडांमधली गादी किती झिजली ते बघतो. एरवी शीळ घालत करतो. आज चकती वाकडी गेली. चहा जास्त झाला असावा.
मनात आलं, उद्या अशाच एका डब्यात आपला... जाऊ दे. पुढचं लिहीत नाही.

१२ जून
झकास कल्पना! आमच्या प्रकल्पाला तुलनेसाठी निरोगी गुडघ्यांची माणसं कमी पडतायत. स्वतःचंच नाव दिलं. एकदा निरोगी गटात बसलो की विषय मिटला. आमच्या प्रमुख मॅडमनी विचारलं, दुखत वगैरे नाही ना? छे, म्हटलं.
लगेच एमआरआय झाला. मशीनमध्ये डोळे घट्ट मिटून घेतले होते. घाबरून नाही, विश्रांती म्हणून. मशीनवाली बाई काही बोलली नाही. म्हणजे सगळं उत्तम.

१८ जून
जिन्यावर शेजारचे आजोबा मला मागे टाकून वर गेले. वडीलधाऱ्यांना वाट द्यावी.
रात्री कूस बदलताना ओरडलो म्हणे. स्वप्न पडलं असेल.

२४ जून
स्कॅन तपासून गुण द्यायचे काम. नावं झाकलेली, नुसते कोड, म्हणजे वशिला नको. शून्य म्हणजे ठणठणीत, चार म्हणजे कारभार आटोपला.
एक गुडघा भयंकर निघाला. गादी गायब, हाडावर हाड. सहकारी बाई म्हणाल्या, तीन चालतील का? मी म्हटलं, दयामाया नको, चारच लिहा. कुणीतरी बिचारे आजोबा असणार! वेळेत दाखवायला काय झालं होतं? पण लोक घाबरतात, दुसरं काय.
घरी येताना मन हलकं. त्या मानाने माझं काहीच नाही.

३० जून
कोड उघडले. मॅडमनी भर मीटिंगमध्ये विचारलं, निरोगी गटात चार गुण कसे? यादी बघितली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, गुण देणारा चुकला असेल. गुण तुम्हीच दिलेत, मॅडम म्हणाल्या. हळू आवाजात म्हणाल्या, तेच जास्त लागलं.
भीती वाटते. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय? जेवलो नाही.

२ जुलै
बायकोने हाताला धरून सर्जनकडे नेलं. मुद्दाम अनोळखी बघितला. स्कॅन पाहून म्हणाला, बदलावा लागेल. मग विचारलं, काय करता आपण? बायकोने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, इतिहास शिकवतो.
त्याने कागदावर चित्र काढून गुडघा म्हणजे काय ते सावकाश समजावलं. मी मान डोलवत राहिलो. शेवटी काही शंका आहे का म्हणाला.
एकच विचारली. खूप दुखतं का हो?